कावसजी नायगमवाला : एका रेषेची साक्ष

हिवाळ्याच्या रात्री आमच्या कोन गावी आकाशावर भिवंडी-कल्याणच्या दिव्यांची झाक पडते, तरी मृग नक्षत्र ओळखू येते. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक अंधुक ठिपका आहे. तो तारा नव्हे, तेजोमेघ होय. त्या ठिपक्याविषयी पुण्यातील एका प्राध्यापकाने दिलेली साक्ष आज आम्ही सांगणार आहोत.

कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांचा जन्म 1857 साली पारशी कुळात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवीत. वर्णपटाच्या अभ्यासाकरिता भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी त्यांस 5,000 रुपये दिले व मुंबई सरकारने तितकीच भर घातली.

वर्णपट म्हणजे काय? चुलीच्या जाळात मिठाची चिमूट टाकली असता ज्वाला पिवळी होते, हे आमच्या गृहिणी जाणतात. प्रत्येक पदार्थाच्या प्रकाशाची अशीच खूण असते. प्रकाश लोलकातून, अथवा अतिसूक्ष्म समांतर रेषा कोरलेल्या काचेतून नेला म्हणजे तो रंगांच्या पट्ट्यात पसरतो व त्यातील रेषांवरून पदार्थ ओळखता येतो.

1884 साली नायगमवाला विलायतेस गेले. तेथे नॉर्मन लॉकयर ह्या थोर ज्योतिर्विदांचा सल्ला त्यांस लाभला. परत आल्यावर त्यांची पुण्याच्या सायन्स कॉलेजात बदली झाली आणि 1888 साली तेथे वेधशाळा उभी राहिली. तिची 20 इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती.

लॉकयर ह्यांचे मत असे होते की, तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची आहे. तसे असते, तर ती एका कडेस धूसर दिसावयास हवी होती. नायगमवालांनी मृगातील तेजोमेघ वारंवार पाहिला. रेषा प्रत्येक वेळी बारीक व रेखीव दिसली. ज्यांच्या सल्ल्याने आपण उभे राहिलो, त्यांच्याच मताविरुद्ध हे जात होते. तरीही 1891 साली त्यांनी दिसले तेच छापून प्रसिद्ध केले. पुढे 1927 साली आयरा बोवेन ह्यांनी दाखविले की, ती रेषा अतिविरळ स्थितीतील प्राणवायूची आहे.

ह्या मतभेदाने त्यांचे काम थांबले नाही. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणास लॉकयर विजयदुर्गास आले, तेव्हा नायगमवाला सोलापूरकडील जेऊर येथे आपली तुकडी घेऊन सूर्याचा वर्णपट टिपीत होते. 1912 साली ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालास गेली. 1938 साली त्यांचा अंत झाला.

आज मिलिमीटरात 100 रेषा कोरलेली, अंगठीएवढी काच लहान दुर्बिणीस लावून हौशी माणूसही ताऱ्याचा वर्णपट पाहू शकतो. अशी काच आपल्या गावच्या मुलांच्या हाती आली, तर आम्ही त्यांस एवढेच सांगू : गुरुजींनी सांगितलेले ध्यानात असू द्या, वहीत मात्र दिसले तेच लिहा.