ब्रेड बंद केला आणि मुलं बरी झाली; पण ते सिद्ध करायला डॉ. डिकेंना जवळपास वीस वर्षं का लागली?

सुपरमार्केटमधल्या ब्रेडच्या रॅकवर आता ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं एखादं पाकीट हमखास दिसतं. किंमत साध्या ब्रेडच्या कितीतरी पट. कुणी ते वजन कमी करायला घेतं, कुणी रील बघून घेतं. पण काही लोकांसाठी हे पाकीट म्हणजे डाएटचं फॅड नाही. त्यांच्या आजारावरचा तोच एक उपचार आहे. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक.

या आजारात गहू बंद करायचा असतो, हे जगाला पटवून देणारा माणूस म्हणजे डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके.

आजार माहीत होता, कारण माहीत नव्हतं

पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, सतत पातळ आणि तेलकट जुलाब, वाढ खुंटलेली. अशी मुलं डॉक्टरांना शेकडो वर्षं दिसत होती. 1888 मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी या आजाराचं नेमकं वर्णन छापलं. बरं व्हायचं असेल तर ते आहारातूनच होईल, हेही त्यांनी ओळखलं होतं. गंमत म्हणजे त्यांनी सुचवलेल्या आहारात पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला ब्रेड चालत होता!

1924 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. मुलं खरंच सुधारायची. सगळ्यांना वाटलं, केळ्यात जादू आहे. पण त्या आहारात ब्रेड, बटाटे आणि इतर धान्यंही बंद होती. फायदा केळी खाण्याचा होता की ब्रेड न खाण्याचा, हे कुणी तपासलंच नाही.

तर डिके कोण होते?

डिके यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1905 चा, नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्त शहरातला. लायडनला मेडिकलचं शिक्षण झालं. मग हेग शहरातल्या जुलियाना बालरुग्णालयात त्यांनी बालरोगाचं प्रशिक्षण घेतलं. 1936 मध्ये, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, ते त्याच हॉस्पिटलचे प्रमुख झाले.

असं सांगतात की एका आईने त्यांना आपलं निरीक्षण सांगितलं होतं: ब्रेड बंद केला की मुलाचा त्रास कमी होतो आणि पुन्हा दिला की उलटतो. अशा वेळी बहुतेक डॉक्टर ऐकून सोडून देतात. डिकेंनी सोडलं नाही. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी सिलिअ‍ॅकच्या मुलांना गव्हाशिवायचा आहार देऊन बघायला सुरुवात केली.

पद्धत साधी होती. गहू बंद करायचा, वजन नोंदवायचं. मूल सुधारलं की पुन्हा गहू द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. काही मुलांच्या अशा नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या. गहू बंद असताना मूल अंग धरायचं, सुरू केला की वाढ अडायची.

1940 मध्ये जर्मनीने नेदरलँड्सचा ताबा घेतला. रेशनिंग आलं, केळी मिळेनाशी झाली. 1941 मध्ये डिकेंनी एका डच वैद्यकीय नियतकालिकात या मुलांसाठी साधा आहार सुचवला. ब्रेड आणि टोस्ट पूर्ण बंद. दोन वेळा गरम जेवण. तिसऱ्या वेळी गव्हाचं पीठ न घातलेली लापशी. पण मजकूर डच भाषेत होता आणि जग युद्धात होतं. त्यामुळे बाहेर कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुष्काळातून शोध लागला, ही गोष्ट अर्धीच खरी

इंटरनेटवर डिकेंची एक गोष्ट खूप फिरते. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नवाहतूक रोखली. इतिहासात याला ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. 20 हजारांच्या आसपास माणसं गेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. बाकी सगळे खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली, कारण ब्रेडच नव्हता. नंतर मदतीचा ब्रेड पोचला आणि ही मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेंना उत्तर सापडलं!

सिनेमाला शोभेल अशी गोष्ट आहे. त्या हिवाळ्याने डिकेंचा अंदाज पक्का केला, इतपत खरंही आहे. पण अंदाजाची सुरुवात त्याच्या जवळपास दहा वर्षं आधी झाली होती. 1941 चा लेखही आधीचाच. दुष्काळात तर सगळंच कमी पडलं होतं. डिकेंच्या आधीच्या नोंदी नसत्या, तर नेमकं गव्हाकडे बोट दाखवणं अवघडच होतं.

अंदाजापासून पुराव्यापर्यंत

युद्धानंतर डिके उट्रेक्टमधल्या दोन संशोधकांबरोबर काम करू लागले. बालरोगतज्ज्ञ वेयर्स आणि रसायनतज्ज्ञ व्हॅन द कामर. व्हॅन द कामर यांनी शौचातलं फॅट नेमकं मोजायची पद्धत काढली होती. आता फक्त वजनावर अवलंबून राहायचं कारण नव्हतं. आहारात गहू आला की मुलाच्या शरीराला फॅट शोषता येत नाही, हे आकड्यांत दिसू लागलं.

1950 मध्ये डिकेंनी उट्रेक्ट विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. गहू आणि राय ही धान्यं त्रास देतात, तांदूळ आणि मका देत नाहीत, हे त्यातून पुढे आलं.

मग प्रश्न आला, गव्हातलं नेमकं काय? कणकेचा गोळा पाण्याखाली धुवत राहिलात, तर पांढरा स्टार्च वाहून जातो आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तो चिवट भाग म्हणजे ग्लुटेन, गव्हातलं प्रोटीन. स्टार्च दिल्यावर मुलांना काही झालं नाही. ग्लुटेनने झालं. त्यातही ग्लायडिन हा भाग दोषी निघाला.

1952 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये गव्हाच्या पिठाबद्दल असाच निष्कर्ष छापला. 1953 मध्ये डच टीमचे इंग्रजी पेपर आले. जगभरच्या डॉक्टरांचा आहाराबद्दलचा सल्ला बदलू लागला. 1957 मध्ये डिके उट्रेक्टला प्राध्यापक झाले. 27 एप्रिल 1962 रोजी, 57 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते आणि अन्न शोषणारं मखमलीसारखं अस्तर सपाट करते, हा सगळा उलगडा पुढच्या दशकांत झाला. उपचार मात्र आजही डिकेंचाच आहे. गोळी नाही, फक्त आहार.

मग ब्रेड निवडताना काय बघायचं?

सगळ्यात आधी एक गोष्ट. पोट बिघडतं म्हणून परस्पर गहू बंद करू नका. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) आणि आतड्याची बायोप्सी आहारात ग्लुटेन असतानाच खरं उत्तर देतात. आधीच गहू सोडला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग टेस्ट, मग ब्रेड.

गव्हाने त्रास होणाऱ्या प्रत्येकाला सिलिअ‍ॅक नसतो, हेही लक्षात घ्या. काहींना गव्हाची अ‍ॅलर्जी असते. काहींना गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कार्बोहायड्रेटने पोट फुगतं. ते कांदा-लसणातही असतं. अशा माणसाने महागडा ग्लुटेन-फ्री ब्रेड खाल्ला आणि त्यात कांदा-लसूण असला, तर त्रास तसाच राहील.

सिलिअ‍ॅक असल्याचं नक्की झालं असेल तर:

• ब्राउन, मल्टिग्रेन, साधा सावरडो ब्रेड, पाव, टोस्ट, खारी: हे सगळं गव्हाचंच. खपली गहू ‘जुना, देशी’ असला तरी त्यातही ग्लुटेन असतं.

• पाकिटावर ‘गहू नाही’ लिहिलंय म्हणजे ग्लुटेन नाही असं होत नाही. बार्ली आणि रायमध्येही ते असतं.

• भारतात एफएसएसएआयच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणून लेबल वाचा.

• चिवटपणा ग्लुटेनमुळे येतो. तो नसल्यावर ब्रेड बांधायला इसबगोल, झँथन गम किंवा अंडं घालतात. काही ब्रेडमध्ये नुसता स्टार्चच जास्त असतो. फायबर आणि प्रोटीनचे आकडे बघून घ्या.

आणि ब्रेडच हवा असं थोडीच आहे? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांत ग्लुटेन नसतं. आपली भाकरी मुळातच ग्लुटेन-फ्री आहे.

पण इथेच एक फसगत होते. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, की जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात आलंच. सिलिअ‍ॅकच्या पेशंटला तेवढंही पुरतं. घरगुती चक्की असेल तर ती ग्लुटेन नसलेल्या धान्यांसाठीच ठेवा. पोळ्यांचं पोलपाट-लाटणं आणि परात वेगळी ठेवा. बाजारातल्या हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा, कारण बऱ्याचदा त्यात मैदा असतो.

हे सगळं घरातल्यांना जाचक वाटतं. एवढ्याशाने काय होतंय, म्हणून लग्नात आग्रहाने पुरी वाढली जाते. पण एवढ्याशानेही होतं, आणि ते दाखवून द्यायला एका डॉक्टरने मुलांची वजनं आणि शौचाचे नमुने वर्षानुवर्षं मोजले आहेत. घरात कुणाला सिलिअ‍ॅक असेल, तर पुढच्या वेळी आग्रह करायच्या आधी त्यांना भाकरी आहे ना, ते विचारा.