भास्कराचार्य व त्यांचें स्वयंवह चक्र

लीलावतीचे कर्ते म्हणून भास्कराचार्यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु बैल, वारा अथवा मनुष्य ह्यांच्या साहाय्यावांचून फिरणाऱ्या चाकाची कृति त्यांच्याच ग्रंथांत आहे, हें थोड्यांस माहीत असावें.

आचार्य शके 1036 त, म्हणजे इ. स. 1114 मध्यें, जन्मले. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें त्यांनीं आपलें गांव म्हणून सांगितलें आहे. तें नेमकें कोणतें, ह्याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. वडील महेश्वर हे ज्योतिषी असून तेच त्यांचे गुरु होत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, 1150 मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि पूर्ण केला; लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचेच चार भाग. पुढें 1183 मध्यें करणकुतूहल लिहिलें, तेव्हां ते सत्तरीच्या घरांत होते.

गोलाध्यायांत यंत्रांचें एक प्रकरण आहे. त्यांत हलक्या लांकडाचें चाक सांगितलें आहे. त्याचे आरे पोकळ, सारख्या अंतरावर व एकाच बाजूस किंचित् वळलेले असावेत; त्यांत निम्मा पारा भरून तोंडें बंद करावीं व चाक दोन आधारांवर ठेवावें, म्हणजे तें आपोआप फिरतें. दुसऱ्या प्रकारांत चाकाच्या धांवेस खांच पाडून ती ताडपत्रानें व मेणानें झांकावयाची आणि आंत एकीकडे पाणी, दुसरीकडे पारा भरावयाचा. तिसऱ्यांत अंकुशासारख्या वांकड्या तांब्याच्या नळीनें कुंडांतलें पाणी ओढून तें चाकास बांधलेल्या घटांत पाडावयाचें. पाऱ्याच्या चाकाची कल्पना मूळ त्यांची नव्हे. ब्रह्मगुप्तानें ती 628 मध्येंच दिली होती. पुढें तेराव्या शतकांत फ्रान्समधील व्हिलार द ओन्कूर ह्यानेंही आपोआप फिरणाऱ्या चाकाचें चित्र काढून ठेविलें.

हीं चाकें फिरतील काय? नाहीं. एका बाजूचा पारा आंसापासून दूर जातो हें खरें. पण दुसऱ्या बाजूस जवळचा पारा अधिक आऱ्यांत असतो, आणि दोन्हीकडील पारडें सारखें होतें. दुसऱ्या चाकांत पाण्याच्या साडेतेरा पट जड असलेला पारा तळाशीं बसतो, पाणी त्यावर राहतें, व चाक उभें राहतें.

एवढ्यावरून आचार्यांस हंसणें हा मोठा अन्याय होईल. अशीं पुष्कळ यंत्रें हातचलाखीनें चालवितात, त्यांचा गोलविषयाशीं संबंध नाहीं, पूर्वसूरींनीं सांगितलीं म्हणून आपणही सांगितलीं, असें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे. आमच्या मतें ग्रंथकाराची सचोटी येथें दिसते. त्यांच्या चाकाचा अभिमान मिरविणारे हा भाग मात्र वगळतात!

तीच हांव पुढें निराळ्या वेषानें आली. उंच हौद पाण्यानें भरावा, त्यांत पोकळ डब्यांची माळ सोडावी. पाणी डबे वर लोटील, माळ फिरेल व शक्ति फुकट मिळेल, अशी योजना आजही कोणी ना कोणी मांडतो. आर्किमिडीजच्या नियमानें डबा वर येतो, ह्यांत खोटें कांहींच नाहीं. पण तो तळाशीं शिरतो कसा? दुध्या भोपळा बांधून विहिरींत पोहावयास शिकलेल्या मुलाच्या हातांस ह्याचें उत्तर ठाऊक असतें. भोपळा वर येतांना जेवढा जोर करतो, तेवढाच त्यास खालीं दाबतांना लागतो. हौद 10 मीटर उंच केला, तर तळाशीं एका वातावरणाइतका जास्त दाब असतो. डबा आंत सारणाऱ्यास तोच हटवावा लागतो. कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यांतील लोणारच्या खाऱ्या पाण्यांत वस्तु अधिक तरंगते, तेथें हौद बांधावा. परंतु तेथें दाबावयासही जोर अधिकच लागेल. शिवाय घर्षण आपला वांटा घेतें, तें निराळेंच. अशा अर्जांस कंटाळून पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें 1775 मध्यें ते तपासण्याचें बंद केलें. 1847 मध्यें हेल्महोल्ट्झनें शक्तीच्या अक्षय्यतेचा सिद्धांत मांडल्यावर तर वादास जागाच उरली नाहीं.

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरीं होते, व नातू चांगदेव सिंघणाचे ज्योतिषी झाले. बुलढाणें ज्या अजिंठ्याच्या रांगेवर वसलें आहे, तिच्याच पश्चिमेकडे चाळीसगांवजवळ पाटण आहे. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं चांगदेवांनीं तेथें मठ स्थापिला. त्याच्या 1207 च्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला.