कोर्टात उभं राहायची मुभा नव्हती, तरी सहाशेवर बायका-पोरांची वकील झाली! नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट

राजूर (ता. अकोले) : १५ नोव्हेंबरला आदिवासी पट्ट्यात बिरसा मुंडांची जयंती साजरी होते. याच तारखेला, बिरसांच्या जन्माच्या नऊ वर्षं आधी, म्हणजे १८६६ साली आपल्या शेजारच्या नाशकात एक मुलगी जन्मली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. पुढे ती भारतातली पहिली महिला वकील म्हणून ओळखली गेली. घोटीमार्गे नाशिकला जाणाऱ्या आपल्या भागातल्या किती जणांना हे नाव माहीत असेल?

कॉर्नेलियाचे वडील पारशी, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या, मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं. आईकडे अडलेल्या-नडलेल्या बायका मदत मागायला यायच्या. त्यातली एक बाई मालमत्तेत फसवली गेली होती आणि फसवणारा तिच्याच विश्वासातला कारभारी होता. तिचं रडणं लहानग्या कॉर्नेलियाने पाहिलं. वकील व्हायचं बीज तिथेच पडलं.

पहिला नंबर, पण शिष्यवृत्ती नाही

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती पहिली विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारीही पहिलीच मुलगी. परीक्षेत ती अव्वल आली. असा नंबर काढणाऱ्याला विलायतेला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण हिला नाकारली. कारण एकच, ती मुलगी होती.

ती खचली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात काही काळ शिकवलं. इंग्लंडमधल्या ओळखीच्या मंडळींनी वर्गणी काढली. त्यात परिचारिकांच्या कामासाठी जगभर नाव असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोचली. तिथे कायदा शिकणारी ती पहिलीच बाई. १८९२ मध्ये तिने परीक्षा दिली, तीही विद्यापीठाकडून खास परवानगी मिळवून. पास झाली, पण पदवीचा कागद हाती आला नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडलं!

पडद्याआडची दुखणी

१८९४ मध्ये त्या भारतात परत आल्या. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा पास केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद काही मिळेना. बाईने कोर्टात वकील म्हणून उभं राहायचं, हेच त्या काळी साहेबांना पटत नव्हतं.

इकडे परिस्थिती काय होती? मोठ्या घरांतल्या कितीतरी बायका पडद्यात राहायच्या. परक्या पुरुषाला तोंड दाखवायचं नाही. नवरा वारला की इस्टेट नावावर, पण कारभार दिवाणजीच्या नाहीतर दिराच्या हातात. वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, कारकूनही पुरुष. मग त्या विधवेने आपलं दुखणं सांगायचं कोणाला? पडद्याआडून पुढे आलेल्या कागदावर अंगठा उठवला की झालं. कागदात काय लिहिलंय, हे तिला कोण वाचून दाखवणार?

कॉर्नेलियाबाईंनी हीच गोष्ट सरकारच्या गळी उतरवायचा प्रयत्न चालवला. अशा बायकांसाठी आणि अज्ञान मुलांसाठी सरकारने महिला कायदेशीर सल्लागार नेमावी, ही मागणी त्यांनी लावून धरली. अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. जमीनदाराच्या मागे विधवा किंवा लहान वारस उरला, की इस्टेटीची देखभाल करणारं हे सरकारी खातं होतं. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामचं कामही त्यांच्याकडे आलं.

मग सुरू झाली वणवण. आगगाडी, होडी, पालखी, मिळेल त्या वाहनाने त्या वाड्या-हवेल्यांत जायच्या आणि जनानखान्यात बसून बायकांचं म्हणणं ऐकायच्या. अडलेली पोटगी, वारसाचे तंटे, लहान वारसाचं शिक्षण, घरातल्यांनीच लाटलेली मिळकत, सगळं त्या निस्तरायच्या. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून जास्त बायका आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली. कितीदा तर फीसुद्धा घेतली नाही.

सनद मिळाली, तोवर केस पिकले

१९२२ मध्ये त्यांना ऑक्सफर्डची पदवी मिळाली, परीक्षेनंतर तब्बल ३० वर्षांनी. लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. १९२३ च्या कायद्याने भारतातही बायकांना वकिली खुली झाली. १९२४ मध्ये कलकत्त्यात त्यांनी वकिली सुरू केली, तेव्हा वयाची सत्तावन्न वर्षं उलटली होती. तरी पुरुष वकिलांच्या त्या जगात त्यांच्या वाट्याला जास्त करून लेखी सल्ला देण्याचंच काम आलं. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. त्या इंग्रज राजवटीच्या बाजूच्या होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यामुळे बरोबरीने काम करणाऱ्या देशातल्या बायकाही त्यांच्यापासून दुरावल्या आणि स्वतंत्र भारतात त्यांचं नाव मागे पडलं. मत पटो न पटो, काम मात्र खोटं ठरत नाही.

कारण अंगठ्याचा तो प्रश्न अजून संपलेला नाही. नवऱ्याच्या माघारी वारस नोंदीत नाव लागलं का, हक्कसोडपत्रावर सही घेताना ते वाचून दाखवलं का, हे आजही गावोगावी विचारावं लागतं. फरक एवढाच, की आता दार उघडं आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, १५१०० या नंबरवर फोनही करता येतो.

कॉर्नेलियाबाईंना वकील बाईच्या दारापर्यंत न्यायला अर्धं आयुष्य लागलं. आज तो एका फोनवर आहे. अंगठा उठवायच्या आधी तेवढा फोन करायला काय हरकत आहे?