धर्मानंद कोसंबी : बुद्ध होणं म्हणजे काय, हे शोधायला घर सोडणारा गोव्याचा तरुण

बुद्ध देव की माणूस? बुद्ध कुणालाही होता येतं का? प्रत्येक बौद्ध परंपरेचं उत्तर थोडं वेगळं आहे. बुद्धाच्या शोधात गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घराबाहेर पडले. मागे पत्नी आणि लहानगी मुलगी होती.

कोसंबींचा जन्म १८७६ चा. शालेय शिक्षण जेमतेम. 'बालबोध' मासिकातलं बुद्धचरित्र वाचलं आणि ध्यास लागला. काशीला अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. नेपाळमध्ये निराशा झाली. १९०२ मध्ये ते श्रीलंकेला गेले, श्रामणेर झाले, पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

या दोन्ही देशांत थेरवाद आहे. त्यानुसार जगात एका वेळी एकच सम्यक्संबुद्ध असतो. त्याच्या मार्गाने जाणाऱ्यांचं ध्येय अर्हत होणं, म्हणजे तृष्णा संपवून मुक्त होणं. चीन-जपानमधला महायान मात्र बुद्धत्व हेच सर्वांचं ध्येय मानतो. सगळ्यांच्या मुक्तीसाठी झटणारा बोधिसत्त्व हा तिथला आदर्श. तिबेटमधल्या वज्रयानानुसार योग्य साधनेने याच जन्मात बुद्धत्व मिळू शकतं.

मग कोसंबींना कोणता बुद्ध सापडला? भारतात परतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचं काम केलं. १९४०-४१ मध्ये त्यांचं 'भगवान बुद्ध' हे पुस्तक आलं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून गौतम मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही गोष्ट त्यांनी नाकारली. आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत तो गेला, असं त्यांनी पाली ग्रंथांच्या आधारे दाखवलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय एकमेकांवर शस्त्र उगारत होते, त्याचा उबग हे गृहत्यागाचं एक कारण, असं त्यांनी मांडलं.

म्हणजे कोसंबींचा बुद्ध चमत्काराने घडत नाही. माणसांमधली भांडणं बघून तो उपाय शोधायला निघतो.

कोसंबी स्वतःही ग्रंथांपुरते राहिले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळला त्यांनी कामगार आणि दलितांसाठी बहुजन विहार सुरू केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राममध्ये, अन्नत्यागानंतर त्यांचं निधन झालं. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचे चिरंजीव.

दहा वर्षांनी, १९५७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्याचाच वाद आहे. आणि तिथेही बुद्ध मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा माणूस आहे.