ऋणमोचन : श्रीगाडगेमहाराजांचे चरित्रस्मरण

दानाची महती आम्ही कीर्तनात नेहमी गातो. पण कीर्तन आटोपून वीणा खाली ठेवावा, तो कोणी तरी हळूच जवळ येऊन विचारतोच, की बुवा, देणाऱ्याच्या पदरात शेवटी काय पडतं? परलोकीचे पुण्य सांगून त्याचे समाधान होत नाही, हे आम्हांस त्याच्या तोंडावर दिसते. ह्या प्रश्नाचे उत्तर पोथीपेक्षा एका चरित्रात सोपे सापडते, म्हणून आज गाडगेबाबांचे स्मरण करू.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनाने लवकर गेले. आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, रान पिकवले. शाळेचे तोंड पाहिले नाही. पण मामाच्या शेतीला सावकाराचे कर्ज लागले आणि कष्टाने कसलेली जमीन हातची गेली. कर्ज माणसाला कसे खाते, हे त्यांनी त्या वयात पाहिले. पुढे लग्न झाले, मुलीचे बारसे आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत हवी. डेबूजीने गोड जेवण वाढले. भाऊबंद रुसले, तरी ते ढळले नाहीत.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. काठाला चिखल, म्हातारीकोतारी घसरून पडत. यात्रेकरू आपापले स्नान उरकून परतत, डेबूजी मात्र चिखल उपसून पायवाट करीत, पडणाऱ्याला हात देत. पुढे बाबांनी तेथे घाट बांधवून घेतला. आता नावच पाहा ना! ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊन मनुष्य जन्मास येतो, असे शास्त्र सांगते. सावकाराचे ऋण देऊन फिटते. हे ऋण कशाने फिटावे? डेबूजीने त्याचा मार्ग चिखलात शोधला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाडग्याचे खापर, हाती खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, गटार उपसायचे, मग कोणी दिली ती भाकर खापरात घेऊन खायची. रात्री कीर्तन. त्यात व्यसन सोडा, कर्ज काढू नका, देवापुढे कोंबडे-बकरे मारू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शिकवा, एवढाच उपदेश. पाया पडायला कोणी वाकला की बाबा दूर सरत.

लोकांनी पैसा ओतला. त्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. पंढरीत चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, ती पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. हे सारे विश्वस्तांच्या हाती सोपवले. स्वतःच्या कुटुंबाला त्यातला वाटा दिला नाही.

येथे आमचे मन अडखळते, ते लपवीत नाही. पत्नी कुंताबाईंनी जे सोसले, त्याचा हिशेब कोणी मांडावा? १९२३ साली मुलगा गोविंद वारला. ती वार्ता बाबांना कोकणात खारेपाटणास कीर्तनात उभे असताना कळली, आणि कीर्तन तसेच पुढे चालले, असे सांगतात. त्या बापाच्या काळजाचे काय झाले असेल, ते पांडुरंग जाणे. आम्ही एवढेच म्हणू, की सेवेने दुःख टळत नाही. पण ज्याने गावोगावची पोरे आपली मानली, त्याला दुःख वाहायला एकटे घर राहत नाही.

आमचीही एक फजिती सांगतो. पाठशाळेत लघुकौमुदी घोकून आम्ही तरुणपणी आषाढीस पंढरीत आलो. विद्येचा ताठा भारी! उतरलो तेथे एक म्हातारा पावसाचे पाणी ओसरीतून झाडीत होता. त्याने काही न बोलता दुसरा खराटा आमच्या हाती दिला. लाजेने घेतला. तासाभराने ओसरी कोरडी झाली आणि भिजलेली बायामाणसे तेथे आडवी झाली. त्या रात्री आम्हांस जी झोप लागली, तशी परीक्षेत पहिले येऊनही लागली नव्हती. गीतेच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक दान, जे परत करू न शकणाऱ्यास द्यावे, ते आम्ही मुखोद्गत केले होते; त्याचा अर्थ मात्र त्या ओसरीवर कळला. बरं का, विचारणाऱ्याला आता आम्ही हेच सांगतो. देणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, उलट पदरातले ओझे उतरते. हलके होणे हीच मिळकत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. ऋणमोचनाला चिखलात सुरू झालेले काम तसे नदीकाठीच थांबले.

वारकरी हो, यंदा वारीत फडावर उतराल, तेव्हा आपली पथारी पसरण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्याची जागा झाडून द्या. कळशीभर पाणी आणून द्या. पैसा नसला तरी हात आहेत ना? रात्री डोळा लागताना आपले आपल्यालाच उत्तर मिळेल. रामकृष्णहरि!