वर्तुळात मावलेले अनंत

मर्यादित कागदावर अनंत कसे दाखवायचे? डच चित्रकार मॉरिट्स कॉर्नेलिस एशर यांना या प्रश्नाने झपाटले होते. १७ जून १८९८ रोजी लेवार्डन येथे जन्मलेले एशर शाळेत गणितात कच्चे होते. शेवटच्या परीक्षेत ते नापासही झाले. पुढे हार्लेम येथे ते लाकडी ठसे कोरून चित्रे छापायला शिकले.

स्पेनमधील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवरील नक्षी त्यांनी १९३६ मध्ये बारकाईने उतरवून घेतली. त्यानंतर एकमेकांत चपखल बसणारे पक्षी, मासे, सरडे त्यांच्या चित्रांत आले. पण कागद संपला की नक्षी तुटे. आकृत्या मध्याकडे लहान करत नेल्या, तरी बाहेरची कड तुटकच राही.

उत्तर १९५८ मध्ये मिळाले. गणितज्ञ कॉक्सेटर यांनी पाठवलेल्या शोधनिबंधात एक आकृती होती. तिच्यातील त्रिकोण वर्तुळाच्या परिघाकडे लहान होत जात, पण संपत नसत. निबंधातील गणित एशर यांना उमगले नाही. आकृतीमागची रचना मात्र त्यांनी कंपासच्या साहाय्याने स्वतः शोधून काढली. १९५९ मधील ‘सर्कल लिमिट ३’ या चित्रात माशांच्या रांगा परिघापाशी जन्मतात, मध्याकडे मोठ्या होतात आणि पुन्हा परिघात विरतात. त्यातील पांढऱ्या कमानी परिघाशी सुमारे ८० अंशांचा कोन करतात. हा कोन अचूक असल्याचे कॉक्सेटर यांनी नंतर गणिताने सिद्ध केले; पण ते पाहायला एशर नव्हते. २७ मार्च १९७२ रोजी त्यांचे निधन झाले होते.