जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन : चरित्र व बोध

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या सेवानिवृत्त शिक्षकाकडे सोपविले. ज्याचा जन्म आपल्या जातीत नव्हे, धर्मात नव्हे, देशातही नव्हे, अशा पुरुषाची मी निवड केली याचे कित्येकांस नवल वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगतो.

माझी आजी येथल्या झरी गावची. तिच्या बाळपणी घरात उंदीर मरून पडला की माणसे घरेदारे टाकून शेतात पाले ठोकून राहत. जांघेत वा काखेत गाठ आली की घरच्यांचा धीर सुटे. तिची दोन भावंडे अशीच गेली. प्लेग हा शब्द उच्चारतानाही ती हात जोडी. आज आपल्या मुलाबाळांना तो शब्द केवळ पुस्तकात भेटतो. ही निर्भयता आपल्याला ज्यांच्या कष्टांतून लाभली, त्यांत वाल्डेमार हाफकिन यांचे नाव अग्रभागी आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात मेचनिकॉव्ह या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. बुद्धी तीव्र, परिश्रम अपार. तथापि ज्यू असल्यामुळे प्राध्यापकपदाची वाट त्यांना बंद होती. धर्म बदलला असता तर ती उघडली असती. परंतु त्यांनी तो बदलला नाही. जन्माच्या कारणावरून विद्येचे दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनीही अनुभवले आहे. ते मी निराळे सांगावयास नको.

१८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला आणि जिनिव्हामार्गे पॅरिसची पाश्चर संस्था गाठली. तेथे प्रथम त्यांना ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम मिळाले. दिवसा पुस्तके सांभाळावी आणि उरलेल्या वेळी प्रयोग करावे, असा क्रम त्यांनी ठेवला. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूंपासून त्यांनी लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. दुसऱ्याच्या देहावर प्रयोग करण्यापूर्वी आपला देह पुढे करावयाचा, हा नियम त्यांनी पुढेही मोडला नाही.

१८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांतून व दूरच्या प्रांतांतून हिंडून त्यांनी सहस्रावधी लोकांना पटकीची लस टोचली. लोक सुईला भीत, कोठे कोठे दगडही मारीत. तरी ते काम सोडून गेले नाहीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लवकरच माणसे पटापट मरू लागली आणि निम्मे शहर गावोगाव पांगले. पुण्यातही हाहाकार माजला; रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले याच रोगाने निवर्तल्या. सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्याच सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम आरंभिले.

त्यांची युक्ती मोठी मनोवेधक आहे. मांसाच्या रसात तुपाचे वा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत सोडावयाचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. भांडे हालविले की ते तळाशी बसत आणि वर नवे वाढू लागत. पुष्कळ जंतू जमले म्हणजे ते उष्णतेने मारून त्यांची लस करीत. मेलेला जंतू रोग उत्पन्न करीत नाही. परंतु शरीर त्याला ओळखून ठेवते आणि पुढे जिवंत जंतू आला की त्याच्याशी झुंज देते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. ती टोचण्याचे काम डॉ. सर्व्हेयर यांनी केले. ताप चढला, वेदना झाल्या. परंतु ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे जे स्वखुशीने पुढे आले, त्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना रोग होऊन ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांनाच तो झाला व दोघेही वाचले. पुढे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या खोजा समाजाची भीती घालविली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळेस प्रशस्त जागा मिळाली.

परंतु यशाच्या या काळातच घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि पर्यायाने हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला. लस अधिक त्वरेने तयार व्हावी म्हणून त्यांनी कार्बोलिक आम्ल वगळले होते. त्याकडेही बोट दाखविण्यात आले. त्यांना कामावरून दूर केले गेले. ज्यांनी लक्षावधींना वाचविले, तेच लोकांच्या तोंडी प्राणघातक ठरले.

पुढे उघडकीस आले की, त्या दिवशी मुलकोवाल येथे बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. दोष प्रयोगशाळेतला असता तर बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी यावयास हवी होती. तशी ती आली नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी नामांकित शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. त्यांना कलकत्त्यास पुन्हा नेमले. परंतु परळची प्रयोगशाळा काही परत मिळाली नाही. आयुष्याची उमेदीची पाच वर्षे कलंक पुसण्यात गेली. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. २०२१ मध्ये करोनाची लस गावी आली, तेव्हा नाना अफवा ऐकून मी, शिक्षक असूनही, पहिले काही दिवस घरी बसून राहिलो. मला पाहून आणखी चार घरे थांबली. अखेर नातीने विचारले की, आजोबा, शाळेत आपण मुलांना काय शिकवीत होता? मी खाली मान घालून केंद्रावर गेलो. पाठोपाठ ती चारही घरे आली. एका माणसाच्या भीतीने किती घरे थांबतात आणि एकाच्या धैर्याने किती चालू लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

समाजबंधूंनो व भगिनींनो, या चरित्रातून दोनच गोष्टी घ्याव्या असे वाटते. ज्याच्यावर आळ आला त्याला चौकशीपूर्वी दोषी ठरवू नये. आणि आपल्या मुलामुलींपैकी ज्यांना शास्त्राची आवड आहे, त्यांना पैशाअभावी मागे राहू देऊ नये. आपल्या शिष्यवृत्ती निधीचा काही भाग अशांसाठी राखून ठेवावा. हाफकिन यांच्याजवळ एक खोली होती, एक पडवी होती आणि तीन शिपाई होते. आपल्या पोरांना आज त्याहून पुष्कळ अधिक देता येईल.